सुऱ्यांचा लाकडी ठोकळा भेट द्यायचाय? घरी करता येणाऱ्या तीन बांधण्यांची पारख

सुऱ्यांचा ठोकळा पारखताना बहुतेक जण आधी लाकूड बघतात आणि मग पॉलिश. ज्याला तो रोज वापरायचा आहे त्याचे प्रश्न वेगळे असतात. सुरी आत जाताना धार लाकडावर घासते का? खाच आतून सुकते का? मोठी सुरी एका हाताने ओढली तर ठोकळा जागेवर राहतो का? हाताने केलेली भेट याच तीन प्रश्नांवर तपासायला हवी, कारण भेट मिळालेला माणूस तोंडावर तक्रार करत नाही. ठोकळा गैरसोयीचा असेल तर तो महिन्याभरात फडताळाच्या मागे जातो आणि सुऱ्या पुन्हा खणात.

इथे तीन बांधण्या तपासल्या आहेत: फळ्यांमध्ये पट्ट्या घालून चिकटवलेला खाचांचा ठोकळा, बांबूच्या काड्यांनी भरलेला खोका आणि चुंबक बसवलेली उभी फळी. निकाल आधीच सांगतो. समोरच्याच्या सुऱ्यांची मापे मिळत असतील तर पट्ट्यांचा ठोकळा करावा, त्याला १० पैकी ९. मापे मिळत नसतील तर चुंबकाची फळी, १० पैकी ७. काड्यांचा खोका करायला सर्वात सोपा आहे, पण त्याला ५ पेक्षा जास्त देता येत नाहीत.

पट्ट्यांचा ठोकळा

बाजारातल्या ठोकळ्यांच्या खाचा यंत्राने खोदलेल्या असतात. घरी तसे करायला टेबल सॉ (टेबलात बसवलेली यंत्रकरवत) किंवा राउटर (लाकडात खाच कोरणारे यंत्र) लागतो, आणि खाच खोदताना तिच्या तळाला उरणारे ओरखडे पुढे पाते अडवतात. पट्ट्यांच्या पद्धतीत काही खोदायचे नसते. दोन फळ्यांमध्ये ४ मिमी जाडीच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि पट्ट्यांमधली मोकळी जागा हीच खाच. खाचेच्या दोन्ही भिंती आधीच रंधून गुळगुळीत केलेल्या असतात. हातकरवत, रंधा, पटाशी, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) आणि चार शिकंजे (क्लॅम्प) एवढ्या हत्यारांत हे काम होते.

सुरुवात मापांपासून. प्रत्येक सुरीची तीन मापे हवीत: पात्याची लांबी, मुठीजवळची पात्याची उंची आणि पाठीची जाडी. साधारण शेफ नाइफचे, म्हणजे चिरायच्या मोठ्या सुरीचे, पाते २० सेंमी लांब, ४५ ते ५० मिमी उंच आणि पाठीला २ ते २.५ मिमी जाड असते. ब्रेडची दातेरी सुरी २० ते २३ सेंमी लांब, पण उंचीला ३५ मिमीच्या आसपास. सोलायची छोटी सुरी ८ ते १० सेंमी. खाचेची रुंदी पात्याच्या उंचीपेक्षा ५-६ मिमी जास्त आणि जाडी पाठीपेक्षा दीड मिमी जास्त ठेवली की पाते अडकत नाही आणि खडखडतही नाही. म्हणून ४ मिमीची पट्टी बहुतेक सुऱ्यांना चालते. पाठ ३ मिमीपेक्षा जाड असेल तर पट्टी ५ मिमीची घ्यावी.

पाच-सहा सुऱ्यांना पुरेल असा आराखडा असा: चार फळ्या, त्यांच्यामध्ये पट्ट्यांचे तीन थर. बाहेरच्या दोन फळ्या १८ मिमी जाड, आतल्या दोन २८ मिमी. एकूण रुंदी १०४ मिमी. आतल्या फळ्या जाड घ्यायचे कारण मुठी. सगळ्या फळ्या १८ मिमीच्या घेतल्या तर शेजारच्या खाचांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत २२ मिमीच अंतर राहते. मुठीच २० ते २५ मिमी जाड असतात, म्हणजे त्या एकमेकींना घासणार आणि बोटे घालायला जागाच नाही. २८ मिमीच्या फळीने हे अंतर ३२ मिमी होते. घरी केलेल्या ठोकळ्यांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच: खाचा कागदावर छान मावतात, मुठींचा विचार झालेलाच नसतो.

फळीची खोली, म्हणजे पुढून मागे, १२० मिमी. प्रत्येक थरात मागून पुढे मोजत १० मिमीची पट्टी, ५४ मिमीची मोठी खाच, १४ मिमीची पट्टी, ३२ मिमीची छोटी खाच आणि शेवटी १० मिमीची पट्टी. बेरीज १२०. मोठ्या सुऱ्या मागे आणि छोट्या पुढे, यामागे सोयीपेक्षा भूमितीचे कारण आहे, ते पुढे येतेच.

फळ्या सुरुवातीला २९० मिमी लांब कापाव्यात. दोन्ही टोकांचा थोडा भाग शेवटी कापून टाकायचा आहे, आणि तो आधी उपयोगी पडतो. ओल्या गोंदावर फळ्या शिकंजा आवळताच सरकतात. टाकाऊ टोकांत दोन-दोन बारीक खिळे किंवा लाकडी खुंट्या बसवल्या तर थर जागचे हलत नाहीत, आणि नंतर कापताना त्या निघून जातात. खिळे वापरले असतील तर कापायची रेघ त्यांच्यापासून निदान १० मिमी दूर हवी, नाहीतर करवतीचे दात जातात.

पट्ट्यांबद्दल दोन गोष्टी अजिबात सोडू नयेत. एक, सगळ्या पट्ट्या एकाच लांब पट्टीतून कापाव्यात. आधी ती पट्टी दुहेरी चिकटपट्टीने सपाट फळीवर चिकटवून रंधायची, मग चिरायची. एका थरातल्या पट्ट्यांच्या जाडीत ०.२ मिमीचा फरक पडला तरी तिथे गोंदाची रेघ जाड दिसते आणि जोड कच्चा राहतो. दोन, पट्ट्यांच्या लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, फळ्यांच्या रेषेला समांतर, उभीच हवी. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. १२० मिमी रुंद बीचच्या फळीचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर रुंदीत सुमारे २ मिमी फरक पडतो. सागात तोच फरक १ मिमीच्या आत राहतो. पट्टी आडव्या रेषेची लावली तर ती या हालचालीला अडवते आणि एखाद-दोन ऋतूंत जोड उघडतो किंवा फळी तडकते.

गोंदाच्या पायरीला सर्वात जास्त ठोकळे बिघडतात. पीव्हीए गोंद (सुतारकामातला नेहमीचा गोंद) लावल्यावर जुळवाजुळव करायला ५ ते १० मिनिटेच हातात असतात. त्यामुळे सगळे थर एकदम चिकटवायला जाऊ नये. आधी प्रत्येक थराच्या पट्ट्या एका फळीवर चिकटवाव्यात, तासभर शिकंज्यात ठेवाव्यात, बाहेर आलेला गोंद पटाशीने खरवडावा आणि मगच पुढची फळी चढवावी. गोंद ब्रशने पातळ पसरायचा आणि खाचेच्या कडेला ४ मिमीचा काठ कोराच सोडायचा. दाब पडला की गोंद तेवढा काठ आपणहून भरतो. कोरा काठ सोडला नाही तर तोच गोंद खाचेत उतरतो, काचेसारखा कडक होतो आणि नंतर पाते अर्ध्यातच अडते. खबरदारी म्हणून मेणबत्ती घासलेली साडेतीन मिमीची लाकडी पट्टी खाचेत आरपार ठेवावी आणि अर्ध्या तासाने ओढून काढावी. जास्त वेळ ठेवली तर तीही आतच चिकटते. पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, तोपर्यंत करवत लावू नये. गोंद पाण्याला टिकणारा घ्यावा, साधा पांढरा नको. ठोकळा ओल्या ओट्यावर उभा राहणार आहे.

आता कोन. ठोकळा वापरणाऱ्याकडे १५ अंश कललेला असावा. तळ १५ अंशांत कापला की १२० मिमी खोलीत पुढची बाजू मागच्यापेक्षा ३२ मिमीने आखूड होते. मागची बाजू २६५ मिमी ठेवली तर पुढची २३३. म्हणूनच मोठ्या सुऱ्या मागे: तिथे २२ सेंमीचे पाते टोक टेकू न देता मावते. मापे फक्त मागच्या बाजूने घेतली आणि लांब सुरी पुढच्या खाचेत गेली, तर तिचे टोक ओट्यावर आपटते.

कोन जास्त दिला तर छान दिसतो, पण ठोकळा पडतो. हिशेब करून बघा. या मापाच्या ठोकळ्याचे वजन साधारण २ किलो आणि पाच सुऱ्यांचे ७०० ग्रॅम. सुऱ्यांचा भार माथ्याजवळ असतो. १५ अंशांत एकूण गुरुत्वमध्य तळाच्या मध्यापासून सुमारे ४० मिमी पुढे येतो आणि तळाची पुढची कड ६२ मिमीवर असते. म्हणजे २२ मिमी हातात उरतात. ३० अंशांत गुरुत्वमध्य ७८ मिमीवर जातो आणि कड ६९ वर. सुऱ्या घालताच ठोकळा पुढे कोसळणार. बाजारातल्या जास्त कललेल्या ठोकळ्यांना पुढे एक छोटा टेकूसारखा भाग असतो, तो शोभेसाठी नसतो. ३० अंश हवेच असतील तर तसा टेकू जोडणे भाग आहे.

सुरी खाचेत कशी जाते हेही याच कोनावर ठरते. खाच पुढे झुकलेली असल्याने पाते आपल्या वजनाने पुढच्या भिंतीवर टेकते. त्या भिंतीकडे पाठ हवी, धार नाही. धार टेकली तर दर वेळी आत-बाहेर होताना ती लाकडावर घासते, आणि मग चांगली धार लावलेली सुरी का टिकत नाही हे कोणालाच कळत नाही. भेटीसोबत चार ओळींची चिठ्ठी द्यायची असेल तर पहिली ओळ हीच लिहावी: पाठ पुढे.

खाचा तळापर्यंत आरपार उघड्या ठेवाव्यात आणि तळाला ६ मिमीचे चार रबरी पाय लावावेत. बंद तळाच्या खाचेत ओलावा आणि भुगा साठतो, बुरशी येते आणि ती बाहेरून दिसतही नाही. उघड्या खाचेतून हवा खेळते आणि ठोकळा उलटा करून झटकता येतो. पायांची जाडी सुरीच्या लांबीच्या हिशेबात धरायला विसरू नये. खाचेच्या तोंडाची कड पटाशीने एक मिमी तिरकी छाटली की टोक चुकून कडेवर आपटत नाही. हे पाच मिनिटांचे काम, पण त्यावरून करणाऱ्याची नजर कळते.

धार सरळ करायच्या पोलादी कांडीसाठी भोक पाडायचा मोह होतो. १४ मिमीचे, २० सेंमी खोल, सरळ भोक हाताच्या ड्रिलने जात नाही. ते वाटेत कलते आणि शेजारच्या खाचेत फुटते. कांडी वेगळी ठेवलेली बरी.

या बांधणीची खरी मर्यादा उंची आहे. २५ सेंमीच्या ठोकळ्यातून २० सेंमीचे पाते पूर्ण बाहेर काढताना मूठ ओट्यापासून ५५ सेंमीपेक्षा वर जाते. ओट्यावरचे कपाट ४५ सेंमीवर असेल तर दर वेळी ठोकळा पुढे ओढावा लागेल. भेट देण्याआधी त्या घरची ही उंची बघून घ्यावी. जागा नसेल तर खणात आडवी ठेवायची खाचांची पाटी जास्त उपयोगी. ती याच पट्ट्यांच्या पद्धतीने होते, आणि कोनाचा प्रश्नच येत नाही.

लाकूड कोणते

मेपल, बीच, अक्रोड, साग, शिसम ही सगळी चालतात. ओलावा ८ ते १२ टक्के असलेले, नीट सुकलेले लाकूड हवे. साग सर्वात कमी हलतो, म्हणून या कामाला उत्तम, पण तो तेलकट असतो. चिकटवण्याआधी जोडाच्या बाजू ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावला नाही तर जोड सुटतो. शिवाय सागात सिलिका असते, रंध्याची धार लवकर जाते. साग आणि शिसम दोन्हींचा भुगा त्वचेला आणि श्वासाला त्रास देऊ शकतो, तोंडावर मास्क हवा.

ओक इथे टाळावा. त्यातले टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) आणि आम्ल ओलाव्यात लोखंडाशी क्रिया करतात. लाकडावर निळे-काळे डाग पडतात, आणि कार्बन स्टीलच्या सुऱ्या असतील तर पात्यावर गंज चढतो. आंब्याचे लाकूड दिसायला देखणे, पण भुंगा आणि बुरशीला लवकर बळी पडते. प्रक्रिया केलेले असेल तरच घ्यावे. पाइन मऊ पडतो, खाचेचे तोंड वर्षभरात झिजून पसरते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) तर ओट्यावर नकोच, पाणी लागले की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

काड्यांचा खोका

चार बाजू आणि तळ असा लाकडी खोका, आत बांबूच्या काड्या उभ्या भरलेल्या. सुरी कुठेही घाला, काड्या बाजूला सरतात. कोणत्याही मापाची सुरी चालते हा मोठा गुण आहे आणि भेटीसाठी तो आकर्षक वाटतो. आतून १०० बाय १०० मिमीच्या खोक्यात ३ मिमी जाडीच्या काड्या गच्च भरल्या तर सुमारे ११०० मावतात. पण गच्च भरायच्या नसतात. साधारण ९०० घालाव्यात, नाहीतर पाते आत जातच नाही. फार कमी घातल्या तर सुऱ्या कलतात आणि एकमेकींवर आपटतात.

अडचण वापरात येते. सुरी काढताना दोन-चार काड्या सोबत वर येतात. बांबूच्या कुसळ्या पात्याला चिकटून चिरायच्या पाटावर जातात. ओल्या सुरीचे पाणी काड्यांमधून तळाशी उतरते आणि तिथे हवा जात नाही. काड्या दर महिन्याला काढून धुवून उन्हात वाळवल्या तर हा खोका ठीक चालतो. भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर एवढी मेहनत कोणी घेईल असे धरून चालू नये. तरीही करायचाच असेल तर तळाला सळ्यांची जाळी ठेवावी, खोक्याच्या बाजू ओट्यापासून ८-१० मिमी उचललेल्या असाव्यात, आणि काड्यांची टोके कापून एका पातळीत घासून घ्यावीत. टोकदार काड्या तशाच वर ठेवणे म्हणजे हाताला जखमांचे निमंत्रण.

चुंबकाची उभी फळी

इथे खाच नाही, म्हणून बुरशीही नाही. पात्याचे माप काहीही असो, चालते. सुऱ्या सगळ्या समोर दिसतात आणि पुसलेले पाते हवेवर सुकते. समोरच्याच्या सुऱ्यांबद्दल काही माहीत नसेल तेव्हा ही बांधणी सर्वात सुरक्षित निवड आहे, फक्त स्टेनलेसच्या काही सुऱ्या चुंबकाला चिकटत नाहीत आणि सिरॅमिकच्या तर मुळीच नाहीत, एवढे तपासावे.

फळी २५ सेंमी उंच, २८ ते ३० सेंमी रुंद. बैठक निदान १५ सेंमी खोल आणि ३० मिमी जाड, कारण सुरी ओढताना बळ पुढे लागते आणि हलकी बैठक उचलली जाते. नियोडिमियमचे २० मिमी व्यासाचे, ५ मिमी जाडीचे चकतीचुंबक प्रत्येक सुरीच्या जागी तीन-चार, ४५ ते ५० मिमी अंतराने. शेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट ठेवले की पकड वाढते.

चुंबक आणि पाते यांच्यामध्ये लाकूड २ मिमीपेक्षा जास्त राहिले तर पकड झपाट्याने कमी होते. आणि इथेच बहुतेकांचे काम बिघडते. मागच्या बाजूने फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचे भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) भोक पाडत दर्शनी बाजूला २ मिमी लाकूड शिल्लक ठेवायला जावे, तर बिटच्या मधले टोक तेवढ्यात आरपार येते आणि चांगल्या फळीवर छिद्र पडते. सोपा उपाय म्हणजे फळी दोन तुकड्यांची करावी: मागच्या फळीत समोरून ५ मिमी खोल खड्डे, त्यात इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाने) चुंबक, आणि वर २ मिमीची वेगळी पातळ फळी चिकटवायची. ही पातळ फळी गोंदाच्या ओलाव्याने वाकते, म्हणून वर जाड सपाट फळी ठेवून पूर्ण दाबावी. इपॉक्सी सुकण्याआधी प्रत्येक चुंबकाचा ध्रुव दुसऱ्या चुंबकाने तपासून मार्करने खूण करावी. नंतर बदलता येत नाही. साधे नियोडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावते, त्यामुळे ही फळी शेगडीला चिकटून ठेवायची नाही.

गुण का कापले? धार उघडी राहते. घरात लहान मुले असतील तर हा प्रकार देऊ नये. पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या घरीही नको, हे चुंबक जोरदार असतात. आणि सुरी लावायची सवय लागते: आधी पाठ टेकवायची, मग पाते फळीवर आडवे वळवायचे. काढताना उलटे. धार आधी टेकली की चुंबक ती लाकडावर आपटतो.

पॉलिश

तिन्ही प्रकारांना बाहेरून तेल-मेण पुरते: चार भाग खनिज तेल, एक भाग मधमाश्यांचे मेण, वजनाने. गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवायचे, कोमट असताना फडक्याने चोळायचे, काही तासांनी उरलेले पुसून टाकायचे. खाण्याचे तेल लावू नये, ते खवट होते आणि चिकट राहते. टंग किंवा जवसाचे तेल जास्त टिकते, पण रोज एक असे तीन-चार हात लागतात आणि पूर्ण वाळायला साधारण महिना जातो. त्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

खाचेच्या आत काहीही लावायचे नाही. तिथे हवा कमी, तेल वाळत नाही, आणि पात्यावर कायमचा चिकटा बसतो. ब्रश चुकून आत जाऊ नये म्हणून खाचांच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवावी.

देण्याच्या दिवसाचा हिशेब मागून करावा. पट्ट्यांच्या ठोकळ्याला हाताचे काम दोन दिवसांचे, पण गोंदाचे थर आणि २४ तासांची वाट धरून आठवडा जातो. तेल-मेणाला आणखी एक दिवस. टंग तेल निवडले तर त्यावर महिना. घाईत ओल्या तेलाचा ठोकळा कागदात गुंडाळला तर कागद चिकटतो, आणि घासून काढण्यापलीकडे इलाज उरत नाही.